मिरचीचे मडके

१

मिरचीवर इतिहासाचा लेख लिहितो आहे, असे एका शिक्षकमित्राला सांगितले तेव्हा तो हसला. "सत्याग्रहावर लिहा, वतनावर लिहा. मिरची-मसाला बायकांच्या मासिकांसाठी राहू द्या," असे तो म्हणाला. मला त्याचा राग आला नाही, कारण तरुणपणी मीही हेच म्हटले असते. आम्ही चळवळीतल्या मुलांनी अस्पृश्यतेचा इतिहास मंदिरात शोधला, पाणवठ्यावर शोधला, शाळेत आणि कचेरीत शोधला. चुलीपाशी आणि उतरंडीपाशी तो शोधावा असे आम्हांला सुचले नाही. तेथे आमची आजी आणि आई बसलेली होती, आणि त्यांना आम्ही इतिहासाच्या साक्षीदार मानत नव्हतो.

माझे गाव विंचूर, तालुका निफाड. नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. पेशवाईत विठ्ठल शिवदेव या सरदाराकडे येथील जहागीर होती. त्यावरून ते घराणे विंचूरकर म्हणून ओळखले गेले. पुस्तकांतून विंचूर भेटते ते या सरदारांच्या निमित्ताने, पानिपतच्या हकिकतींत. आज ते भेटते कांद्याच्या लिलावाच्या बातम्यांत. शासनाच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर येथील औद्योगिक क्षेत्रात वाइन पार्क उभे राहिले. शेजारी लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ साली सुरू झाले. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तेथे त्यावर किरणांचा मारा करण्याची सोय आहे. शेतकऱ्यांच्या कांदाचाळी तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिसतात.

म्हणजे आमच्या पंचक्रोशीचे सारे अर्थकारण पिकवण्याइतकेच टिकवण्यावर उभे आहे. ज्याला माल टिकवता येतो तो भावाची वाट पाहू शकतो. ज्याला टिकवता येत नाही तो पडेल त्या भावाने विकून मोकळा होतो. हे कांद्याच्या बाबतीत शेंबडे पोरही सांगेल. परंतु ज्यांच्याकडे पिकवायलाच जमीन नव्हती, त्यांनी काय टिकवले आणि कशाच्या बळावर टिकवले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. माझ्या घरापुरते त्याचे उत्तर आहे : मिरची. एका मडक्यात मावेल एवढी.

२

मिरची ही आपल्या भूमीची लेक नव्हे. ती अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ साली मसाल्यांच्या देशाच्या शोधात निघाला आणि भलत्याच किनाऱ्याला लागला. तेथे त्याला हे तिखट फळ मिळाले. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांबरोबर सोळाव्या शतकात मिरची पश्चिम किनाऱ्यावर उतरली. मुंबईकडे तिला 'गोवाई मिरची' म्हणत, ते याच कारणाने. तिला स्वतःचे नावही मिळाले नाही. संस्कृत 'मरिच' म्हणजे मिरे, त्यावरूनच 'मिरची'.

त्याआधी तिखटपणा होता तो मिरे, पिंपळी, सुंठ, मोहरी यांचा. यांपैकी मिरे मलबारातून येत. त्यांचा व्यापार बंदरांतून आणि सावकारांच्या हातून चाले. ज्याच्या गाठीला पैसा त्याच्या जेवणात मिरे. मिरचीने हा हिशेब मोडला. मिऱ्याच्या वेलाला मलबारचा पाऊस आणि आधाराला झाड लागते. मिरचीला वावभर जागा पुरते. एका फळात कित्येक बिया असतात आणि एका बीपासून आलेले झाड महिनोन्‌महिने फळे देते. विकत घ्यावा लागणारा तिखटपणा दारात उगवू लागला.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. धर्मशास्त्रे लिहिली गेली तेव्हा मिरची या देशात नव्हती. कोणी काय खावे आणि कोणी काय खाऊ नये याच्या ज्या याद्या स्मृतिकारांनी केल्या, त्यांत तिचे नाव असणे शक्यच नव्हते. दक्षिणेकडील काही ब्राह्मण घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकाला आजही मिरचीऐवजी मिरेच वापरतात. पितरांना ही परकी वस्तू चालत नाही. जिवंतांना मात्र तिच्यावाचून घास उतरत नाही! सोवळ्या स्वयंपाकघरात जी सागरापलीकडून येऊन दोनतीनशे वर्षांत सुखाने नांदू लागली, त्याच स्वयंपाकघरात ती पिकवणारा शेजारी हजार वर्षांत शिरू शकला नाही. परकेपणा हे अस्पृश्यतेचे कारण नव्हते, याचा याहून साधा पुरावा मला माहीत नाही.

३

माझ्या आजीचा जन्म १९२० च्या आसपासचा. शेत नव्हते. महारकीचा वतनी तुकडा भावकीत इतका वाटला गेला होता की त्यातून दाण्याची आशा नव्हती. गावाची कामे करावीत आणि बलुते घ्यावे, हीच रीत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली लिहिले. त्यात बलुत्याचा हिशेब सापडतो. परंतु ते बलुते घरी आल्यावर बाई त्याचे काय करीत असे, याचा हिशेब त्यांच्या वाटेला आलेला नव्हता.

बलुत्यात ज्वारी-बाजरी येई. तिखट-मीठ येत नसे. म्हणून आजीने न्हाणीच्या मागे मिरचीची चार रोपे लावलेली असत. तेथेच का? तर पाण्यासाठी. विहिरीला हात लावण्याचा हक्क नाही, वरच्या जातीच्या कोणी पोहऱ्याने ओतले तर पाणी, अशा माणसांनी झाडांना वेगळे पाणी कोठून घालावे? अंघोळीचे, भांड्यांचे, हात धुतल्याचे पाणी न्हाणीतून वाहत जाई, त्यावर ती रोपे जगत. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या वेळी आमच्या आळीतली मिरची सांडपाण्यावर वाढत होती. पाण्याचा हक्क आणि मिरचीचे झाड हे दोन विषय नाहीत, ते मला इथे कळले.

बी राखेत घोळवून फुटक्या माठाच्या खापरात टाकायचे. मृगाचा पाऊस झाला की रोप लावायचे. श्रावण-भादव्यात हिरवी मिरची हाताशी येई. तव्यावर लसणाबरोबर भाजून, मीठ घालून तांब्याच्या बुडाने रगडली की ठेचा तयार. या ठेच्याची थोरवी आज हॉटेलांच्या पाट्यांवर वाचायला मिळते. आमच्याकडे त्याचे काम एकच होते. कोरडी भाकर घशाखाली उतरवणे. भाजी नसली तरी तिखट लागले की तोंडाला पाणी सुटते, वर तांब्याभर पाणी प्यायले की पोट भरल्यासारखे वाटते. मिरचीने आम्हांला चव दिली हे खरे, तसेच तिने आमची भूक झाकलीही, हेही खरे. एक सांगून दुसरे लपवणे म्हणजे लबाडी होईल.

मात्र या गरिबाच्या तोंडीलावण्यात सत्त्व होते. हंगेरीतील शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३० नंतरच्या दोनतीन वर्षांत मिरचीच्याच जातीच्या पापरिकातून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे काढले. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या घरात फळ म्हणून काही येत नव्हते, त्या घरात हे जीवनसत्त्व ओल्या मिरचीतून येत होते. वाळवल्यावर ते बरेचसे निघून जाते, तिखटपणा आणि तांबडा रंग तेवढा राहतो. आजीला हे शास्त्र ठाऊक नव्हते. पण 'ओली हाय तवर ओली खा, वाळलेली पुढं हायेच' हा तिचा नियम होता.

४

आता टिकवण्याची रीत. ही मी मुद्दाम तपशिलाने लिहितो, कारण ती लिहिलेली नाही.

मिरची झाडावरच पुरती लाल होऊ द्यायची आणि देठासकट तोडायची. देठ निघाला की तेथून ओल शिरते आणि आत बुरशी धरते. तोडलेली मिरची लगेच उन्हात टाकायची नाही. दोन दिवस सावलीत ढीग करून ठेवायची, म्हणजे अर्धवट लाल असलेली सारखी रंगते. मग सारवलेल्या अंगणात एकेरी पसरायची. दिवसातून दोनदा हलवायची आणि दिवेलागणीला गोळा करून झाकायची. मार्गशीर्षातले दव मिरचीला मारते, ऊन मारत नाही. कानापाशी हलवली की बिया खुळखुळल्या पाहिजेत. चार शेर ओली मिरची वाळून जेमतेम शेरभर होते.

पांढरी पडलेली, डागाळलेली निवडून वेगळी काढायची. ती आधी खायची. चांगली मिरची मडक्यात. मडके उन्हात तापवलेले, तळाशी कडुलिंबाचा वाळला पाला, मध्ये हिंगाचा खडा, तोंडाला फडके आणि वर शेणमातीचा लेप. लागेल तेवढी काढायची आणि उखळात कांडायची. एकदम कांडलेले तिखट पावसाळ्यात गोळा होते, आख्खी मिरची जास्त टिकते.

दुसरी रीत रंजक्याची. ओली लाल मिरची, मीठ, लसूण पाट्यावर वाटायचे, लिंबू पिळायचे. वर तेलाचा थर द्यावा असे म्हणतात. आमच्याकडे तेल नसे, म्हणून मीठ वाढवत. तिसरी रीत सांडगी मिरचीची. जाड मिरचीला चीर देऊन धने-मेथी-मीठ भरायचे, दह्या-ताकात बुडवून वाळवायचे आणि तळून खायचे. ताक मागून आणावे लागे आणि तळायला तेल लागे. म्हणून आजी नुसत्या मिठाच्या पाण्यात मिरची मुरवून वाळवी आणि निखाऱ्यावर भाजी. पाककृतीच्या पुस्तकात हिला नाव नाही. आम्ही तिला खारातली मिरची म्हणत असू.

सगळ्यांत चांगले, सरळ वाढलेले फळ मात्र ती मडक्यातही ठेवीत नसे आणि खाऊही देत नसे. ते आढ्याला टांगलेले असे, पुढच्या मृगासाठी. ज्या बाईला उद्याच्या भाकरीची खात्री नव्हती, ती पुढच्या वर्षाचे बी राखून ठेवीत होती. आज संकरित बियाण्याची पाकिटे आली. त्या फळाचे बी धरले तर पुढल्या वर्षी तशी मिरची येत नाही. दरसाल पाकीट विकत घ्यावे लागते. आढ्याला टांगण्यासारखे काही उरले नाही.

हे सारे पाहिले म्हणजे लक्षात येते की टिकवण्याला चार गोष्टी लागतात : ऊन, मीठ, तेल आणि जागा. ऊन तेवढे फुकट होते. मिठावर सरकारचा कर होता. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्यानंतर दहाच दिवसांनी, १२ मार्चला, गांधीजी मिठासाठी दांडीकडे निघाले. पाठ्यपुस्तकांत मिठाच्या सत्याग्रहाला पाने असतात, काळारामाला ओळी. आमच्या घरात मात्र दोन्हींची गरज होती. मीठ महाग असेल तर रंजका नासतो आणि माणूसपण नाकारले तर जगणे नासते.

५

आजी तरुणपणी बागाइतदाराच्या मळ्यात मिरची तोडायला जाई. मिरची तोडणाऱ्या बाईचे हात रात्रभर जळतात. दाह करणारा अंश फळातल्या बी धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरांत असतो. तो पाण्याने जात नाही, तेला-तुपानेच निघतो. घरात तेलाचा थेंब नाही आणि अंगावर लहान मूल आहे, अशी बाई त्या हातांनी मुलाला कशी घेत असेल? आजी हात राखेने घाशी आणि मनगटांनी पोर उचली. हे तिने सांगितले तेव्हा ती हसत होती.

तोडणे, वाळवणे, देठ खुडणे, ही कामे आमच्या बायांच्या हातची. मळ्याच्या खळ्यावर मिरचीची रास त्यांच्या हातांखालून जाई तेव्हा विटाळ होत नसे. कारण शास्त्र असे की कोरड्याला विटाळ नाही. परंतु त्याच मिरचीला मीठ आणि पाणी लागले, ती वाटली गेली, बरणीत भरली गेली, की तिच्यावर आमची सावलीही चालत नसे. लोणच्याची बरणी तर देवाहून कडक. जे कष्टाचे ते कोरडे, म्हणून अस्पृश्यांना मोकळे. जे खाण्याचे ते ओले, म्हणून बंद. श्रम घ्यावेत आणि श्रमाचे फळ मात्र हाताला लागू देऊ नये, यासाठी याहून सोयीचा नियम कोणी बनवला असता?

तोडणीची मजुरी रोख क्वचित मिळे. राशीतली डागाळलेली मिरची पदरात पडे. त्या मिरचीची निवड पुन्हा घरी होई आणि त्यातली त्यात बरी मडक्यात जाई. असे ते मडके भरत असे.

६

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला परिषद झाली आणि 'हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा बाबासाहेबांनी केली. आजी तेव्हा पोरसवदा होती. आमच्या आळीतली माणसे पायी गेली, त्यांच्या फडक्यात भाकरी आणि तिखटाची चटणी बांधून दिली, एवढेच ती सांगे. भाषण तिला ऐकायला मिळाले नाही. "आम्ही भाकरी थापल्या," ती म्हणे. आम्ही परिषदांचे अहवाल वाचतो, अध्यक्ष कोण आणि ठराव किती ते पाहतो. हजारो माणसे दोन-तीन दिवस घराबाहेर राहिली तर ती काय खात होती, हा प्रश्न मला साठी उलटल्यावर पडला. जी शिदोरी न नासता दोन दिवस टिकते ती भाकरी आणि कोरडे तिखट. त्या चळवळीच्या पायाखाली बायांचे हे न नोंदलेले काम होते.

१९५९ साली महार वतने कायद्याने गेली. त्याच वर्षी आणि पुन्हा १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. दादासाहेब आमच्याच जिल्ह्यातले, दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे. जमिनीची मागणी म्हणजे केवळ उत्पन्नाची मागणी नव्हती. आपले पीक आपल्या अंगणात वाळवावे, आपल्या हाताने भरून ठेवावे आणि कोणाच्या दारी तिखट-मिठासाठी उभे राहू नये, ही त्यामागची साधी माणुसकीची इच्छा होती. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायांच्या फडक्यात मिलोची लाल भाकर आणि तिखटच होते. माझी आई त्यांच्यात होती. त्या वर्षी आमचे मडके माघातच रिकामे झाले. मडक्याचा तळ दिसला त्या दिवशी आई गप्प होती, हे मला आठवते.

७

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

आम्ही १९५६ नंतर बौद्ध झालो. घरातले देव नदीत गेले. मी शिक्षक झालो, सभांतून मनुस्मृतीवर बोलू लागलो. २५ डिसेंबरला दरवर्षी तिच्या दहनाचे स्मरण करीत होतो. आणि त्याच माझ्या घरात, चिनी मातीच्या बरणीत मिरचीचे लोणचे होते, आणि महिन्यातले चार दिवस माझी पत्नी त्या बरणीला हात लावत नव्हती. आईचा तसा नियम होता. 'लोणचं नासतं' एवढेच कारण. मला तो नियम माहीत होता. मी कधी काही बोललो नाही. घरातली बाब म्हणून मी ती घरातच राहू दिली.

ही गोष्ट माझ्या मुलीने मोडली. ती तेव्हा बारावीत शास्त्र शिकत होती. तिने त्या दिवसांत सर्वांसमक्ष बरणी उघडली, कोरड्या पळीने लोणचे ढवळले आणि बरणीवर तारखेची चिठ्ठी लावली. आई दोन दिवस जेवली नाही. मी मुलीलाच म्हणालो, "आजीचं मन का दुखवतेस?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही काळारामावर भाषण करता. ही बरणी काळारामापेक्षा मोठी आहे का?" मला उत्तर देता आले नाही. लोणचे वर्षभर उत्तम टिकले. लोणचे नासते ते ओल्या पळीने, कमी मिठाने, बरणीत राहिलेल्या पाण्याने. हाताच्या जातीने नासत नाही आणि बाईच्या पाळीनेही नासत नाही. पुढच्या वर्षी आईने आपण होऊन मुलीला मिरच्या चिरायला बसवले. याविषयी ती कधी काही बोलली नाही.

जो विटाळ गावाने आमच्यावर लादला, तोच आम्ही आमच्या बायकांवर लादत राहिलो. देव नदीत सोडणे सोपे गेले. बरणी अवघड गेली.

८

आपल्या स्वयंपाकाचा लेखी इतिहास कोणाचा आहे? लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० चे, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० ची. ती पुस्तके आपल्या जागी मोलाची आहेत. पण त्यांतले घर तेल-हिंग-मोहरीच्या डब्यांचे आहे. आमचे घर पुस्तकात आले ते फार उशिरा. दया पवार, बेबी कांबळे, शांताबाई कांबळे यांच्या आत्मकथनांतून भूक आली आणि भाकर आली. पुणे विद्यापीठाच्या सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रातून शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दलितांच्या अन्नस्मृतींचे पुस्तक काढले. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले. ते मराठवाड्यातले. नाशिक, खानदेश, नगर येथील आळ्याआळ्यांतले मात्र अजून बोलण्यातच आहे, आणि बोलणाऱ्या बाया एकेक करून जात आहेत.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे. आपल्या आजीला, आत्याला विचारा : मिरची कोठे लावली, पाणी कोणते घातले, मीठ कोठून आणले, बरणीला कोणी शिवायचे नाही असे ठरले होते. उत्तरे तारीख-वार घालून वहीत लिहा. गोड करून लिहू नका. भुकेची रीत ही भुकेची म्हणूनच लिहा आणि शहाणपण हे शहाणपण म्हणून लिहा. दोन्ही त्याच हातांचे आहे.

माझ्या घरामागे आजही चार रोपे आहेत. त्यांना आता नळाचे पाणी मिळते. आजीच्या बियांची परंपरा मधल्या काळात माझ्या निष्काळजीपणाने तुटली. गावातल्याच एका म्हातारीकडून गावठी बी मागून आणले. या वर्षीचे पहिले सरळ, लाल फळ मुलीने आढ्याला टांगले आहे. आमचे घर आता स्लॅबचे आहे, आढे नाही. म्हणून तिने ते खिडकीच्या गजाला बांधले.